दुसऱ्यांदा शिवलेली फाइल

सरकारी कचेरीत फायली शिवण्याचं काम करून दफ्तरी निवृत्त झाला, तरी त्याचं एक पालुपद काही सुटलं नाही. "पूर्वीचं सरकार म्हणजे धुतल्या तांदळासारखं. आता सगळा आनंदीआनंद." मुलगी विचारायची, "बाबा, तेव्हा आतलं तुम्हाला कोण दाखवत होतं?" की पेपर तोंडासमोर यायचा.

या भाबडेपणापायी त्याने सख्खा भाऊ गमावला. थोरला भाऊ त्याच कचेरीत कारकून होता. तीस वर्षांपूर्वी एका चौकशीत तो दोषी ठरला, नोकरीवरून काढला गेला. मोठे साहेब खोटं लिहिणार नाहीत, ही दफ्तरीची काळ्या दगडावरची रेघ. त्याने भावाशी बोलणं टाकलं. गेल्या वर्षी भाऊ वारला, तेव्हाही हा शहाणा स्मशानात लोकांच्या मागे उभा राहून परत आला.

यंदा जुन्या फायली स्कॅन करायचं निघालं आणि टाके उसवायला त्याला बोलावलं. तिसऱ्या दिवशी भावाच्या चौकशीची फाइल हाती आली. त्याने दोरा कापला. प्रत्येक पानाला सहा भोकं होती, तीन जुनी, तीन नवी. म्हणजे फाइल दोनदा शिवलेली. साक्षीच्या पानाला मात्र तीनच.

पान बदललं होतं. आणि कापलेल्या दोऱ्याला जी दुहेरी गाठ होती, तशी त्या कचेरीत एकटा तोच मारायचा.

आता आठवलं. साहेब स्वतः फाइल घेऊन खाली आले होते. "दोरा कुजलाय, नवा घाल," म्हणाले. शेजारी बसून चहा पाजला. एवढा मोठा माणूस, पण गर्व म्हणून नाही, असं त्या चहाचं कौतुक त्याने घरात तीस वर्षं ऐकवलं होतं. त्याला स्वतःची शिसारी आली.

तो तडक वहिनीकडे गेला. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"वहिनी, दादाने काही केलं नव्हतं. साक्षीचं पान बदललं होतं. फाइल मीच शिवली, न बघता."

वहिनीने हातातली घडी पुरी केली. "त्यांना ठाऊक होतं, भावोजी. सुनावणीत फाइल समोर ठेवली, तेव्हाच त्यांनी तुमची गाठ ओळखली."

"मग बोलला का नाही?"

"म्हणाले, बोललो तर आधी त्याची नोकरी जाईल. पोर लहान आहे त्याची."

"निदान नंतर... मला तरी सांगायचं."

"सांगणार होते," वहिनी म्हणाली. "तुम्ही आलात कुठे?"