फ्लेक्स धरला की पॉइंट झाला

हौसेनं फिरणारी माणसं माझ्या डोक्यात जातात. बाजारासाठी, दवाखान्यासाठी, नोकरीसाठी फिरतात त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्यांना बिचाऱ्यांना फिरावंच लागतं. मी बोलतोय ते फिरायचं म्हणून फिरणाऱ्यांबद्दल. हिंगोलीत बस डेपोसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. रेल्वेची तिकिटं, ऑनलाइन फॉर्म, लॅमिनेशन, फ्लेक्सची ऑर्डर, सगळं तिथंच होतं. त्यामुळं गावातली पायाला भिंगरी लागलेली एकूण एक माणसं माझ्या काउंटरवर कोपरं टेकून उभी राहतात आणि मी न विचारलेलं सांगत बसतात. सिमल्यात काय खाल्लं, ऊटीत काय थंडी, पोट कुठं बिघडलं आणि कुठं जाऊन ताळ्यावर आलं. मी 'हो का', 'वा वा' करत त्यांच्या आधार कार्डाच्या झेरॉक्स काढतो आणि मनात म्हणतो, जा की बाबांनो एकदाचे, आणि तिकडंच राहा.

नमुने तरी किती! मोंढ्यातला, म्हणजे धान्यबाजारातला, एक अडत्या आहे. हा गडी काश्मीरला जाऊन आला, दार्जिलिंगला जाऊन आला, केरळ तर दोनदा झालं, आणि प्रत्येक ठिकाणी त्यानं काय पाहिलं असेल तर हळदीचा भाव. समोर बर्फाचे डोंगर, लोक 'अहाहा' करतायत आणि हा किराणा दुकानात शिरून विचारतोय, 'ये सेलम हल्दी है क्या?' परत आल्यावर मला सांगतो, 'काश्मीर बेकार. तिथं हळदीला गिऱ्हाईकच न्हाई.'

दुसऱ्या म्हणजे बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई. त्यांनी हॉटेलातले छोटे साबण जमवलेत. घरात काचेचं कपाट आहे आणि प्रत्येक साबणाखाली गावाच्या नावाची चिठ्ठी. त्या चिठ्ठ्या माझ्याच दुकानात टाइप होतात. एकदा घरातला साबण संपला म्हणून त्यांच्या यजमानांनी ऊटीचा साबण फोडून आंघोळ केली, तर बाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं, आणि वर विचारलं, 'तुमीच सांगा, माझं काय चुकलं?' काय सांगणार, कप्पाळ!

तिसरा विमानवाला. जन्मात एकदा विमानात बसला. त्या वेळी बॅगेला लावलेली कागदी पट्टी त्यानं आजपर्यंत काढलेली नाही. पट्टीवरची अक्षरं उडाली, कागद पिवळा पडला, पण हा कळमनुरीच्या बाजाराला वांगी आणायलासुद्धा तीच बॅग घेऊन जातो. पट्टी बाहेरच्या बाजूला ठेवून, बरं का.

या सगळ्यांना मी एकदा विचारलं, औंढ्याला नागनाथाच्या देवळात शेवटचं कधी गेला होतात? सगळ्यांनी नाकं मुरडली. 'अहो, ते तर इथंच आहे!' म्हणजे जे इथं आहे ते बघायचंच नाही. बघायचं म्हणजे बघणारा दमला पाहिजे, पित्त झालं पाहिजे, दोन दिवस गाडीत पाय सुजले पाहिजेत.

या लोकांचे म्होरके म्हणजे सर. निवृत्त मुख्याध्यापक, गळ्यात अजून शिट्टी. वर्षातून दोनदा चाळीस माणसांची सहल काढतात. कार्यक्रमाचा कागद माझ्याकडून लॅमिनेट करून घेतात. त्यात '५.४० प्रातर्विधी, ६.०५ चहा' इथपासून सगळं लिहिलेलं. सरांच्या सहलीत जागा नसतात, 'पॉइंट' असतात. धबधबा हा पॉइंट, किल्ला हा पॉइंट, जेवणसुद्धा पॉइंट. आणि पॉइंट झाला कधी म्हणायचं, तर सहलीचा फ्लेक्स सगळ्यांनी मिळून धरला आणि फोटो निघाला की. फ्लेक्स धरला की पॉइंट झाला. मग कोणी ती जागा बघितली काय अन् नाही काय, कागदावर खूण पडली. किल्ल्याच्या पायथ्याला फ्लेक्स धरून किल्ला न चढता परत आलेली माणसं मी पाहिली आहेत. ती आज गावात 'किल्ला केला' म्हणून टिमकी वाजवतात.

असल्या लोकांबरोबर मी सहलीला गेलो. माझ्या अक्कासाठी गेलो.

अक्का माझी मोठी बहीण. जवळा बाजारच्या अलीकडं आमचं गाव आहे, तिथं ती राहते; थोडी शेती, पंधरा-वीस शेळ्या. आई लवकर गेली, मला तिनंच वाढवलं. तिला जन्मभर एकच हौस होती, समुद्र बघायची. बघायची म्हणजे लांबून नाही. 'पाय बुडवायचेत, एवढंच,' म्हणायची. सगळं आयुष्य तिनं विहिरीवरून, टँकरवरून पाणी वाहिलं. एकदा मला म्हणाली, 'जितं कुनालाच पानी भरावं लागत न्हाई, असं पानी पाहायचंय मला.' मी दरवर्षी 'नेतो, नेतो' म्हणायचो आणि दुकान सोडवायचं नाही. मग डॉक्टरनं सांगितलं, दोन्ही गुडघे गेलेत, ऑपरेशनशिवाय फार दिवस चालणं नाही. ऑपरेशनला ती तयार होईना. म्हणाली, 'गुडघे हायेत तवर दाखव, भाऊ. मंग बसल्या जागी बसंन मी.'

नेमकी त्या हिवाळ्यात सरांची कोकणची सहल निघत होती. मीच कागद लॅमिनेट केला होता. दुसऱ्या दिवशी '११.१० समुद्र' असं त्यात स्पष्ट लिहिलेलं. मी दोन जागा सांगितल्या. अक्कानं शेळ्या शेजारणीच्या हवाली केल्या, दोन दिवस राबून दशम्या केल्या आणि नवं लुगडं काढलं. मी नवे पांढरे बूट घेतले. सहलीला जायचं तर सगळे घालतात तसले.

परभणी मागं पडली आणि आमची मंडळी हिंदीत शिरली. हे एक खूळ आहेच. जिल्हा ओलांडला की यांना वाटतं परदेश लागला. कोकणातला हॉटेलवाला 'काय देऊ?' असं चांगलं मराठीत विचारतोय आणि हे त्याला 'भैया, दो चाय कम शक्कर' म्हणून सांगतायत. अक्का मला हळूच म्हणाली, 'ह्ये आसं काहून बोलून राहिले? त्याला समजतंय की आपलं.' मी पोट धरून हसलो. तिच्यामुळं माझी सहल बरी चालली होती. रात्री लॉजमध्ये बाईंनी तिच्या खोलीतला साबण मागून नेला, तेव्हा तर अक्का म्हणाली, 'बिचारीच्या घरी साबन न्हाई वाटतं.'

समुद्रावर पोचलो ते बरोबर अकरा दहाला. सरांनी घड्याळ बघून स्वतःचीच पाठ थोपटली. आणि खाली उतरून बघतो तर समुद्रच नाही! समोर नुसता ओला गाळ, काळपट, चमकणारा, लांबच लांब. पार पलीकडं पाण्याची एक रेघ. ओहोटी होती. आमच्या गाडीचा ड्रायव्हर, आमच्याच हिंगोलीचा, वर्षानुवर्षं कोकणात गाड्या आणणारा, सगळे त्याला चाचा म्हणायचे. तो सरांना म्हणाला, 'सर, पानी उतर गया है. शाम कू पाँच के टैम पे भरता. तब लाना था इनकू. मैं कल भी बोला आपकू.'

'चाचा, पाचला आपण पुढच्या पॉइंटला आहोत,' सर म्हणाले. 'छापलंय तसं.'

या माणसाला मराठवाड्यातल्या सगळ्या गाड्यांच्या वेळा तोंडपाठ आहेत. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुठं क्रॉसिंग होतं, सगळं. आणि समुद्र कधी येतो, कधी जातो, हे सांगणारा माणूस शेजारी असताना ऐकून घ्यावंसं वाटलं नाही. आठ वेळा कोकण केलंय म्हणे! आठ वेळा फ्लेक्स धरला असेल.

नवव्यांदाही धरला. चाळीस माणसं गाडीतळावर ओळीनं उभी राहिली. 'समुद्र येतोय का फोटोत?' सरांनी विचारलं. फोटो काढणारा म्हणाला, 'रेघ येतीय, सर.' 'येतीय ना? मग झालं.' पॉइंट झाला. लोक चिंचा-आवळ्याच्या गाड्यांकडं वळले. अडत्या हळद शोधायला गेला असावा.

अक्का गाळाकडं बघत उभी होती. 'पानी तितं हाय व्हय?' तिनं विचारलं. मी हो म्हणालो. 'मंग जाते की,' म्हणाली. चपला काढून माझ्या हातात दिल्या, लुगडं वर खोचलं आणि निघाली. मी बरोबर गेलो नाही. पायात नवे बूट होते, गाळात घालवेनात. काढून हातात घेता आले असते, पण तेही केलं नाही.

ती हळूहळू चालत होती. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून मध्येच थांबायची, मग पुन्हा निघायची. बरीच लांब गेली. तेवढ्यात शिट्टी वाजली. सगळे गाडीत चढले, मी दाराशी उभा. सर म्हणाले, 'एका माणसासाठी चाळीस जणांना ताटकळत ठेवायचं का? सव्वाबाराला जेवणाचा पॉइंट आहे. बोलवा त्यांना.' चाचा म्हणाला, 'मैं रुकता जी. जाने दो माजी कू.' आणि आतून साबणवाल्या बाई बोलल्या, तशा वाईट बुद्धीनं नाही, सहजच, 'गावाकडची माणसं घेतली की असं होतं.'

माझे कान तापले. वर्षानुवर्षं या लोकांना मी मनातल्या मनात हसत आलो. यांच्या बॅगा, यांचे साबण, यांची हिंदी, सगळ्याची टर उडवली. आणि त्या क्षणी मला दुसरं काही नको होतं, फक्त यांनी मला गावाकडच्यांत धरू नये एवढंच हवं होतं. मी तोंडाशी हात धरून ओरडलो, 'अक्का! चल माघारी! गाडी निघून राहिली!'

वाऱ्यात तिला ऐकू गेलं नाही. तिथंच सोडायला हवं होतं. मी पुन्हा ओरडलो, पहिल्यापेक्षा जोरात.

ती थांबली. तिच्या आणि पाण्याच्या मध्ये आमच्या घरापासून शेळ्यांच्या वाड्यापर्यंत असतं तेवढं, वीस-पंचवीस पावलांचं अंतर राहिलं असेल. तिनं पाण्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि वळली. मी सांगितलेलं तिनं कधी मोडलं नाही. लहानपणी मी तिचं सगळं मोडायचो.

गाडीपाशी आल्यावर म्हणाली, 'एवढुसं ऱ्हायलं व्हतं, भाऊ.' घोट्यापर्यंत काळा गाळ लागला होता. मी बाटलीतलं पाणी पायावर ओतायला लागलो तर मला थांबवलं. 'ऱ्हाऊ दे. प्यायला लागंल.'

सरांच्या सहलीत परतीच्या वाटेवर एक प्रकार असतो. गाडीत माइक फिरतो आणि ज्यानं त्यानं आपली एक चोरी, म्हणजे आजवर लपवलेली गोष्ट, सांगायची. सर स्वतः म्हणाले, 'मी ताजमहाल आतून बघितलेला नाही. सगळ्यांच्या चपला सांभाळत बाहेर बसलो होतो.' विमानवाला म्हणाला, 'विमान उडाल्यापासून उतरेपर्यंत माझे डोळे मिटलेले होते.' हशा, टाळ्या. निर्लज्ज माणसं! आज कबूल करायचं, टाळ्या घ्यायच्या, आणि उद्या माझ्या काउंटरवर पुन्हा तोच ताजमहाल आतून-बाहेरून सांगायचा.

माइक अक्काकडं आला. मला वाटलं, आता ही सांगणार. सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं आज वाटतं. तेव्हा मात्र मी खिडकीकडं तोंड केलं.

'म्या पान्यात गेलते,' अक्का म्हणाली. 'घोट्याएवढ्या. माज्या भावानं नेलं मला. लई खारट हाय पानी.'

टाळ्या पडल्या. कोणाला काय पत्ता! ती कुठपर्यंत गेली हे कोणी बघितलंच नव्हतं, सगळे मोबाइलमध्ये फ्लेक्सचा फोटो बघत होते. एकट्या चाचानं आरशातून माझ्याकडं बघितलं. अक्कानं माइक मला दिला. मी तो पुढच्याला दिला.

गावात तिनं हेच सांगितलं. बाया जमायच्या आणि ती सांगायची, भावानं हात धरून नेलं, लाट आली, पायाखालची रेती सरकली. इतकं चांगलं सांगायची की आमच्या सहलीतल्या एकालाही जमणार नाही. आता तिचे गुडघे पुरते बसलेत. भिंत धरून दारापर्यंत येते, शेळ्या निम्म्या विकल्या.

मागच्या महिन्यात मी गेलो. सगळं ठरवून गेलो होतो. म्हणालो, 'अक्का, आपण दोघंच जाऊ. गाडी सांगतो, चाचाला घेतो. भरतीची वेळ बघूनच जाऊ. मी उचलून नेतो तुला पाण्यापर्यंत.'

शेजारीण तिथंच बसली होती. अक्का तिच्याकडं बघून हसली, मग माझ्याकडं बघितलं. 'काहून?' म्हणाली. 'पाहिला न्हाई का आपण?'

शेजारीण माझ्याकडं वळली. 'लई खारट असतंय म्हने पानी. व्हय का ओ भाऊ?'

'व्हय,' मी म्हणालो. 'लई खारट.'