सरांनी धरलेली पात

आमचं रान तुळजापूर-नळदुर्ग रस्त्यापासून बरंच आत, मुरमाड. पाणी धरत नाही. अण्णांची, म्हणजे वडलांची, कंबर गाडीवर पोती चढवताना गेली ती कायमची. तेव्हापासून आई दुसऱ्याच्या रानात रोजानं जायची, सुट्टीला मीही. बारावीनंतर मला कॉलेजात घालायचा विषय निघाला तेव्हा अण्णा भिंतीकडं बघत बसले. घरात पैसा नव्हताच.

मी कॉलेजात गेले ती पायाच्या जोरावर. मुलींच्या फुटबॉल संघात असेल तिला वसतिगृहात राहणं-जेवण फुकट होतं. शाळेत मी पोरांत खेळायचे, मागं बचावाला. त्या खेळावर जागा मिळाली. संघातून नाव गेलं की गाठोडं बांधून घरी, हेही त्याच दिवशी सांगितलेलं.

आमचे सर कोल्हापूरकडचे. तिकडं म्हणे गल्लीगल्लीत फुटबॉल. त्यांचा एकच नियम होता. सरावाला नाही ती संघात नाही, मग कितीही चांगली खेळो. ताप असला तरी मैदानाच्या कडेला येऊन बसायचं. पोरी कुरकुरायच्या. मला मात्र तो माणूस आवडायचा. माझ्या येण्या-न येण्यानं कुणाला फरक पडतो, हे मला पहिल्यांदा त्यांच्याकडं कळलं.

दुसऱ्या वर्षी जिल्ह्याच्या सामन्यांच्या तोंडावर सोयाबीन काढणीला आलं. शेंगा तडकायच्या बेतात, वर आभाळ भरलेलं, मजूर मिळेना. आईचा फोन आला. सर म्हणाले, "जा. पण नियम तुला ठाऊक आहे." मी गेले. आईनं आणि मी वाकून वाकून निम्मं रान काढलं. सामना जवळ आला तसं आईच म्हणाली, "तू जा बाई, माझं मी बघते."

परत आले त्या संध्याकाळी सरांनी संघ सांगितला. माझं नाव नव्हतं.

कप्तान नळदुर्गची. हायवेला तिच्या अब्बांचं पंक्चरचं दुकान. ती खाली बसली आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागली. "सर, मग मी बी बसते." तिचं बघून एकेक करत सगळ्याच बसल्या.

"संघ कोण निवडतंय? मी का तू?"

"तुमीच की. तुमी निवडा, आमी बसतो."

"ही दमदाटी झाली."

"न्हाय सर. हिचं अर्धं रान उभं हाय, तरी आली. आमच्याकडं अशा वक्ताला वारंगुळा करतेत."

"म्हणजे?"

"आज मी तुमच्या रानात, उद्या तुमी माझ्या. हिचं सोयाबीन आमी काढू, ही आमच्यासाठी मैदानात उभी ऱ्हाईल. फिटंफाट."

सर गोलच्या खांबापर्यंत चालत गेले. मी मनात गाठोडं बांधायला घेतलं होतं. परत येऊन ते म्हणाले, "सराव बुडणार नाही. उद्या सकाळी सराव हिच्या रानात. येणार नाही ती बाहेर. हिचे बुडलेले दिवसही तिथंच भरून निघतील."

सकाळी अख्खा संघ बांधावर उभा राहिला. सरांना चहा द्यावा का विळा, हे आईला कळेना. सरांनी विळा मागितला. आईनं प्रत्येकीला पात, म्हणजे कापायची ओळ, वाटून दिली, सरांनाही. थोड्या वेळानं ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सर, असा न्हाय धरायचा विळा, पायावर बसंल. खाली बसून कापा." मैदानावर आम्हाला ओरडणारा माणूस निमूट खाली बसला.

तरी त्यांची पात सगळ्यांच्या मागं राहिली. कप्तान पुढून म्हणाली, "सर, जो मागं ऱ्हाईल त्यो बाहेर, व्हय ना?"

"नियम आहे," सर म्हणाले, "पण हिच्या आईसाहेबांना विचारा."

आईनं वर न बघता सांगितलं, "ऱ्हाऊ द्या. शिकतेत हळूहळू."

दिवस मावळायच्या आत रान मोकळं झालं, ढिगावर ताडपत्री पडली. पाऊस दुसऱ्या दिवशी आला. सामन्याला मी बचावात उभी होते. आम्ही एका गोलनं हरलो, पण सरांनी मला शेवटपर्यंत बाहेर काढलं नाही.

सरांनी नियम सोडला नाही. तेव्हापासून सुगीच्या आधी विचारायचे, "कुणाचं रान उभं आहे?" मग तेर गावच्या एकीची ज्वारी काढायलाही आम्ही गेलो. आणि गंमत म्हणजे त्यानंतर सरावाला गैरहजर राहायचं कुणाच्या मनातही आलं नाही. आमच्या रानात वाकलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? कप्ताननं सरांकडून जे मागून घेतलं, त्यानं त्यांचा शब्द उलट वजनदार झाला. दोघंही मोठी माणसं.

माझी वसतिगृहातली जागा पदवी होईपर्यंत टिकली. मी बी.ए. झाले. आमच्या घरात कॉलेज पुरं करणारी मी पहिली.