काकांचं विरोधी पॅनल

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका निवडणुकीला भुकेलेला माणूस अख्ख्या नाशकात शोधून सापडायचा नाही. दिंडोरीकडच्या गावात विकास सोसायटीचं राजकारण करण्यात त्यांची हयात गेली. काकू गेल्यावर मुलाने त्यांना इथं आणलं आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला जिन्यात गाठलं. "बाई, तुमच्या सोसायटीत पॅनलं किती?" आता माझ्या लेखी सोसायटी म्हणजे पाण्याची टाकी आणि पार्किंगवरून भांडणं. शेजारच्या निवृत्त प्राध्यापकांच्या लेखी सोसायटी म्हणजे समाज, तोही सतत रसातळाला चाललेला. काकांच्या लेखी सोसायटी म्हणजे खत, पीककर्ज, दोन पॅनलांची जुंपलेली निवडणूक आणि निकालानंतर एकाच ताटलीतली भजी. "एकमेकाला पाडल्याबिगर माणूस ओळखीचा होत नाय. ही सोसायटी नाय बाई, नुसती बिल्डिंग हाय. मी आपला गावी जातो." गावी घराला कुलूप, भाकरतुकडा द्यायलाही कोणी उरलेलं नाही. मुलगा हवालदिल. "बाई, काहीही करा, पण त्यांना इथं रमवा!"

अध्यक्षपद आमच्याकडे म्हणजे गळ्यातली धोंड. ते कुणीतरी घ्या हो, म्हणत मावळते अध्यक्ष, म्हणजे आमचे प्राध्यापक, दारोदार फिरत होते. काकांना देऊ केलं तर काका उखडलेच. "बिनविरोध? मी काय मेलोय? विरोधात कोण उभं ऱ्हातंय ते सांगा!" झालं! मुलाच्या रडवेल्या तोंडाकडे बघून मी उभी राहिले. काकांनी निवडणूक चिन्ह म्हणून स्वतःला कपबशी घेतली, मला छत्री दिली, आणि माझा प्रचार लयच ढिला म्हणून माझी पत्रकंही स्वतःच छापून घरोघर वाटली.

मतदानाआधी विरोधकाने माणसं फोडू नयेत म्हणून मतदारांना सहलीला न्यायचं, ही त्यांच्याकडची रीत. काकांनी गाडी ठरवून सगळी बिऱ्हाडं गावच्या द्राक्षमळ्यात नेली. बिल्डिंगमध्ये मी एकटीच मागे राहणार हे काही त्यांना बघवेना, म्हणून मलाही घेतलं! पिठलं-भाकरी रंगात आली असताना मला म्हणतात, "बाई, जरा तिकडं तोंड करा. मतदारांशी गुप्त बोलायचंय." मी मुकाट वेलींकडे तोंड करून भाकरी खाल्ली. येताना पाहते तर, कधी कुणाकडे मान वर करून न बघणारे प्राध्यापक तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या ताईंशी गाण्याच्या भेंड्यांवरून कडाकडा भांडत होते.

आणि काका पडले. पिठलं त्यांचं खाल्लं आणि मतं मला दिली मेल्यांनी! "अहो, या वयात त्यांना टाकीवर कुठे चढवायचं?" प्राध्यापक म्हणाले. मला वाटलं, आता हे पिशवी भरणार. संध्याकाळी बेल वाजली. दारात काका, हातात हार. "अभिनंदन बाई. गावी जायचं रद्द. तुमच्यावर लक्ष ठेवायला कोणी नको का?"

तेव्हापासून प्रत्येक मीटिंगला ते माझ्यासमोर खुर्ची ओढून बसतात आणि एकूण एक ठरावाला विरोध करतात. टाकी धुवायच्या ठरावालासुद्धा.

परवा तापामुळे ते आले नाहीत. सगळे ठराव बघता बघता मंजूर झाले, आणि आम्ही नुसतेच बसून राहिलो. कुणाला उठवेना. शेवटी प्राध्यापक म्हणाले, "चला हो, वर जाऊ." अख्खी मीटिंग काकांच्या पलंगाभोवती भरली. मी पहिला ठराव पुन्हा वाचला. काकांनी पांघरुणातून हात बाहेर काढला.

"माझा विरोध. लिहून घ्या."

मी घेतला लिहून. डोळे असे भरून आले होते की अक्षर काही धड आलं नाही.