न गेलेल्या गावचा वाटाड्या

चष्मेवाल्याच्या दुकानात डोळे तपासायला गेलेला माणूस देवळाच्या गावाला कसं जायचं हे शिकूनच बाहेर पडायचा. नाकावर तपासणीची जड फ्रेम, एक डोळा झाकलेला, दुसऱ्याला अक्षरं अंधुक. अशा अवस्थेत पळून जाणार कोण? "खालची ओळ वाचा," म्हणत चष्मेवाला भिंग बदलायचा आणि त्याच दमात सांगायचा, "सकाळचीच गाडी धरा. नदीच्या बाजूची खिडकी घ्या, ऊन लागत नाही."

गल्ली त्याला 'वाटाड्या' म्हणायची. आधी टिंगलीने, मग सवयीने, आणि पुढे लोक खरोखरच विचारायला येऊ लागले. शहराच्या मोठ्या स्टेशनात चौकशीची खिडकी होती, पण तिथला बाबू मान वर न करता बोलायचा. चष्मेवाला स्टूल पुढे सरकवायचा. ते प्राचीन देऊळ कुठल्या राजाने कुठल्या राणीच्या हट्टापायी बांधलं, इथून त्याच्या बोलण्याची गाडी सुरू व्हायची. राणीचं नाव दर खेपेला बदलायचं, पण हट्ट तोच असल्यामुळे कुणाच्या लक्षात यायचं नाही.

गोम एवढीच, की चष्मेवाला त्या गावाला कधी गेलाच नव्हता. गिऱ्हाइकं जाऊन यायची, चार गोष्टी सांगायची, त्या चाराच्या तो आठ करायचा. जावंसं वाटत नव्हतं असं नाही. भीती वाटायची. गेलं, तर वाटेत कुणाला तरी काहीतरी विचारावं लागणार, आणि ते गल्लीतल्या कुणीतरी पाहणार. या भीतीपायी त्याने बायकोला वर्षानुवर्षं झुलवत ठेवलं होतं. कधी गर्दी आडवी यायची, कधी उन्हाळा, कधी भिंगांचा नवा माल.

यंदा बायकोने डोक्याला हात लावला नाही, की आवाज चढवला नाही. भांडी विसळता विसळता ती म्हणाली, "डॉक्टर म्हणतायत, पुढच्या महिन्यात गुडघे बदलायचे. मग पायऱ्या बंद. त्या देवळाला म्हणे चढूनच जावं लागतं. अख्ख्या गल्लीला धाडलंत, मला कधी नेताय?"

चष्मेवाल्याने भिंगांच्या नव्या मालाचं नाव काढून पाहिलं, पण या खेपेला ते त्याचं त्यालाच पटलं नाही. त्यात शेजारच्या इस्त्रीवाल्याने मोठ्या प्रेमाने दोन तिकिटं काढून आणली, त्यामुळे पळवाटही उरली नाही.

मागचे डबे मोकळे असतात म्हणून दोघं मागे बसली. चष्मेवाला बराच वेळ मुकाट होता, आणि प्रवास तसाच पार पडला असता. पण समोरच्या बाकावरून कुणीतरी सहज विचारलं, "देऊळ किती जुनं असेल हो?" आणि वाटाड्याच्या अंगात आलं. आधी तो बाक संपला, मग डबा संपला. "आलोच," म्हणून तो उठला.

"लांब जाऊ नका," बायको म्हणाली.

चार डबे पुढे त्याला एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बहीण भेटली. आयुष्यभर मुलांपुढे बोललेले मास्तर आता गपगुमान ऐकत होते, त्यामुळे चष्मेवाला तिथेच रमला. तेवढ्यात जंक्शन आलं. गाडी थांबली आणि डब्यात एकच पळापळ झाली. पिशव्या, पोरंबाळं घेऊन लोक खाली उतरून मागच्या डब्यांकडे धावू लागले.

मास्तरांची बहीण उठून उभी राहिली. "आपल्यालाही मागे जायचं असेल. विचारू या का कुणाला?"

"बसा हो ताई," चष्मेवाला हसत म्हणाला. "नवखी माणसं आहेत. एक पळाला की सगळे पळतात. ही गाडी थेट जाते."

जंक्शनवर गाडी तुटत होती. मागचे डबे देवळाच्या गावाला जात, पुढचे सिमेंटच्या कारखान्याकडे. जाऊन आलेल्या एकूणएक गिऱ्हाइकाला हे ठाऊक होतं. पण वाटाड्याला आपण काय सांगायचं, असं ज्याला त्याला वाटलं होतं.

कारखान्याच्या स्टेशनात एक बाक होता आणि सगळ्या गोष्टींवर राखाडी धूळ होती. परतीची गाडी एकदम संध्याकाळी. मास्तर चकार शब्द बोलले नाहीत, त्याचंच चष्मेवाल्याला जास्त लागलं. बहीण मात्र बोलली. "थेट जाते म्हणाला होतात."

फोन वाजला.

"पोचले मी," बायको म्हणाली. "तुम्ही कुठे आहात?"

"कारखान्यावर."

"कसल्या?"

"सिमेंटच्या."

"देऊळ दुपारी बंद होतं म्हणतात. तुमच्यासाठी थांबू, की जाऊ?"

थांब म्हणणं सोपं होतं. ती थांबली असती, देऊळ बंद झालं असतं, दोघं एकत्र परतली असती, आणि गल्लीत काय सांगायचं ते त्याच्या हातात राहिलं असतं. त्याला तिचे गुडघे आठवले.

"जा तू. थांबू नको."

"बरं. स्टेशनाबाहेर उजवीकडे वळायचं ना? तुम्ही सगळ्यांना सांगता तसं?"

मास्तरांची बहीण टक लावून बघत होती.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "मी कधी गेलोच नाही गं तिथे. कुणाला तरी विचार."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि छातीवरचं ओझं उतरल्यासारखंही झालं.

"केव्हाच विचारलं," बायको म्हणाली. "डावीकडे आहे. पायऱ्यांपाशी उभी राहूनच बोलतेय."

"मग मला कशाला विचारलंस?"

"बघत होते, आज तरी माहीत नाही म्हणताय का. आता मी वर जाऊन येते. सावकाश जाईन. तुम्ही तिथेच बसा, आणि कुणाला काही सांगत बसू नका."

फोन खिशात ठेवून तो बाकाच्या टोकाला टेकला. मास्तरांनी अखेर तोंड उघडलं. "काय म्हणतायत?"

"देऊळ डावीकडे आहे," चष्मेवाला म्हणाला. मग त्याने पुस्ती जोडली, "असं ती सांगतेय. ती गेलीय तिथे."