कच्चं लिंबू

गॅलरीत वाळलेले कपडे काढताना खाली पार्किंगमध्ये पकडापकडी चाललेली दिसते. चार वर्षांची सई त्यात कच्चं लिंबू आहे, म्हणजे तिला पकडलं तरी तिच्यावर राज्य येत नाही. लहानांना असं सांभाळून घ्यायला या मुलांना कुणी शिकवलं, कोण जाणे. आम्ही मोठी माणसं तर वरून फक्त "गाड्यांना हात लावू नका" एवढंच ओरडतो.

आज पकडल्यावर सई हट्टाने उभी राहिली. "मी कच्चं लिंबू नाही. माझ्यावर राज्य."

"बरं, घे," सगळ्यांत मोठी अन्वी म्हणाली आणि जोरात पळाली. पाण्याच्या टाकीमागे, सईला दिसणार नाही अशा जागी, ती थांबली. सईची पावलं जवळ आल्यावर पुन्हा पळू लागली, पण बेताने.


वरून मला सगळं दिसत होतं. मी उरलेले कपडे काढू लागले.