गादीवरचं ताक

एखादी जागा स्वच्छ आहे की नाही, हे बघायची आमच्या वस्तादांची रीत एकच होती. ते खाली आडवे व्हायचे आणि जमिनीला गाल टेकवायचे. डोळे मिटून क्षणभर पडायचे, मग उठून निकाल द्यायचे. पिरंगुटच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये पंगतीला बसण्याआधी त्यांनी हे केलं, तेव्हा नवरीकडची माणसं चक्कर आली समजून पाणी घेऊन धावली होती. वस्ताद उठून बसले, मिशा झटकल्या आणि म्हणाले, "फिनेलचा वास लई हाय, पण गाल टेकवावा असं काय वाटंना." फिनेलचा वास आला म्हणजे कुणीतरी काहीतरी झाकतंय, अशी त्यांची पक्की समजूत होती.

त्यांची तालीम भुकूमच्या पुढे, रस्ता सोडून आत. आजूबाजूच्या शेतांचे प्लॉट झाले, प्लॉटांवर इमारती उभ्या राहिल्या, पण वस्तादांनी तालमीची जागा कुणाला मोजूसुद्धा दिली नाही. आत लाल मातीचा हौद होता. त्या मातीत तेल, हळद आणि लिंबू जायचं, आणि सगळ्यांत जास्त जायचं ते ताक. घरच्या म्हशीचं ताक आधी हौदात, उरलं तर घरात. कढी करायची म्हटली की त्यांच्या बायकोला शेजारणीकडे भांडं घेऊन जावं लागे. "मातीला बी खुराक लागतोय," वस्ताद म्हणायचे. "माती जिती ऱ्हायली तर पैलवानाची कातडी ऱ्हाती." साठी उलटली तरी त्यांची स्वतःची कातडी तुकतुकीत होती आणि त्याचा त्यांना भयंकर गर्व होता. नवा पाहुणा आला की चहाआधी त्याला कोपर दाखवायचे.

मुलींना कुस्ती शिकवायची त्यांनी ठरवलं तेव्हा लोक हसले. आम्ही मोजक्याच होतो, सगळ्या जवळपासच्या गावांतल्या. पण मुलींच्या स्पर्धा गादीवर, म्हणजे मॅटवर होतात. म्हणून वस्तादांनी कुणाकुणाला गळ घालून एक जुनी गादी मिळवली आणि हौदाशेजारच्या खोलीत अंथरली. गादीसोबत फिनेलचा डबा आला आणि त्यापाठोपाठ गजकर्ण आलं. आधी एकीच्या मानेवर गोल चट्टा, मग दुसरीच्या, मग माझ्या हातावर. आम्ही घाबरून दुप्पट फिनेल ओतलं, दवाखान्यातल्यासारख्या वासाच्या साबणानं अंग घासघासून धुतलं. कातडी कोरडी पडून फुटायला लागली आणि गजकर्ण आरामात पसरलं.

त्या वर्षी जिल्ह्याच्या निवड चाचणीला मी कुस्ती न खेळताच हरले. वजनाआधी डॉक्टर प्रत्येकीची कातडी तपासतात. माझा हात बघून त्यांनी मला रांगेतून बाहेर काढलं. वर्षभर घाम गाळून मी गादीवर पाऊलसुद्धा न ठेवता घरी आले. गावात बातमी माझ्याआधी पोचली होती. पोरींच्या अंगावर डाग पडतात म्हटल्यावर आयांनी एकेकीला काढून घेतलं. माझी आई वस्तादांना तोंडावर म्हणाली, "वस्ताद, आता पुन्यांदा हिला डागापायी परत पाठवली, तर कुस्ती बंद. अशा पोरीचं लगीन कुटं जमायचं?"  

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यांना येत होतं ते केलं. गादीवर घागरभर ताक ओतलं.

तो दिवस मी जन्मात विसरणार नाही. माती ताक पिते, गादी पीत नाही. ताक तसंच वर थबथबून राहिलं. तासाभरात माश्या आल्या, दुपारी मुंग्यांची रांग लागली आणि संध्याकाळी वास रस्त्यापर्यंत गेला. "बघू तरी पकड कशी बसती," म्हणत वस्ताद स्वतः गादीवर उतरले आणि सरळ भिंतीपर्यंत घसरत गेले. आम्हाला हसू आवरेना. त्यांनी बसल्या जागेवरून आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हसा. पन वस्तादाची अक्कल संपली, ही गोष्ट भायेर सांगू नका." मग आमच्याबरोबर तेही पोट धरून हसले.

वाट दाखवली ती त्यांच्या सुनेनं. माया हिंजवडीतल्या एका मोठ्या ऑफिसात साफसफाईच्या कामावर सुपरवायझर होती. गादीचा वास नाकात गेल्याबरोबर तिनं पदर खोचला. "मामा, ताकातलं जे तुमाला पायजे, ते आमच्याकडं बाटलीत येतंय," ती म्हणाली. त्यांच्या ऑफिसात गालिच्यांना आणि मोऱ्यांना चांगल्या जंतूंचं पाणी वापरत असत. वस्तादांनी उलटतपासणी सुरू केली.

"त्यात जिते हायेत?"

"व्हय मामा. झोपल्यावानी असत्यात. ओल मिळाली की उठत्यात."

"आन् खात्यात काय?"

"घाम, तेल, मळ. पुसून बी जे फटीत ऱ्हातं ते."

"म्हंजी पैलवानच की!" वस्ताद खूश झाले. "घाम आमचा, खुराक त्यांचा."

पण मायानं त्यांना जागेवर आणलं. हे औषध नव्हे, गजकर्ण यानं जाणार नाही, आधी पोरींना डॉक्टरकडे न्या, असं तिनं ठणकावून सांगितलं. वस्तादांनी लगेच टेम्पो काढला आणि आम्हा उरलेल्या पोरींना पिरंगुटच्या कातडीच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. बाईंनी गोळ्या आणि मलम दिलं, डाग गेला तरी औषध मध्येच सोडायचं नाही म्हणून बजावलं, टॉवेल आणि कपडे प्रत्येकीचे वेगळे ठेवायला लावले. तो जळजळीत साबण बंद केला. कातडीवर आपले म्हणून चांगले जंतू असतात, तुम्ही त्यांनाही घासून काढताय, असं त्या म्हणाल्या. साधा साबण आणि त्या चांगल्या जंतूंना धरून ठेवायला मदत होईल असं एक क्रीम लिहून दिलं. वस्ताद पुढे सरकून बसले होते. येताना टेम्पोत ते आमच्यापेक्षा ड्रायव्हरलाच जास्त समजावत होते, "आपल्याकडं रिकामा प्लॉट ठिवला की काय हुतं? कुनीतरी येऊन टपरी टाकतंय. नुसतं हाकलून भागत न्हाई. आपलं मानूस आधी नेऊन बसवाय लागतंय." जागा बळकावलेल्या रोज बघणाऱ्या मुळशीतल्या ड्रायव्हरला यापेक्षा जास्त सांगायची गरज नव्हती.

तेव्हापासून रोजचा रिवाज ठरला. सरावानंतर गादी साबणाच्या पाण्यानं पुसायची, पूर्ण वाळवायची, मग वस्ताद पाठीवर कोरा करकरीत फवारणी पंप लावून मायाचं पाणी मारणार. पिकावर विषारी औषध मारायचा जुना पंप त्यांनी तालमीच्या आसपास फिरकू दिला नाही. हळूहळू त्या जंतूंना ते "आपली पोरं" म्हणायला लागले. आम्ही सराव करून दमलो की म्हणायचे, "चला, उठा आता, पोरांची जेवायची येळ झाली."

चाचणी अगदी तोंडावर आली होती, तेव्हा माझी आई मदत म्हणून लवकर तालमीत आली आणि तिनं चांगल्या मनानं सबंध गादी फिनेलनं पुसून काढली. वस्ताद दारात आले, वास घेतला आणि उंबऱ्यावरच मटकन बसले. "वैनी, माजी पोरं मारली वो तुमी!" आईच्या हातातलं फडकं गळून पडलं. कुठली पोरं, कधी, कशी, तिला काही कळेना, आणि ती रडायलाच लागली. मग मायानं सगळं उलगडून सांगितलं. आई डोळे पुसत उठली, बादल्यांवर बादल्या स्वच्छ पाणी आणून तिनं स्वतः गादी धुतली, वाळेपर्यंत तिथेच बसून राहिली आणि पंपही तिनंच मारला. वस्ताद मागून सांगत होते, "कोपऱ्यात बी मारा वैनी, तितं बारकी असत्यात."

चाचणीच्या सकाळी रांगेत उभी होते तेव्हा मला भीती कुस्तीची नव्हती, कातडीच्या तपासणीची होती. समोर गेल्या वर्षीचेच डॉक्टर होते आणि त्यांनी मला ओळखलं. "मागच्या वेळची तूच ना?" त्यांनी माझा हात उजेडात धरला, उलटा केला, मान बघितली, कानामागे बघितलं, पुन्हा हात घेतला. दोरीपलीकडे वस्ताद आणि आई शेजारी शेजारी उभे होते. "जा, वजनाला," डॉक्टर म्हणाले. माझ्यामागून तालमीतल्या सगळ्या पोरी एकेक करून पुढे गेल्या. एकीलाही परत फिरावं लागलं नाही.

त्या दिवशी मी जे खेळले ते मला आजही नीट आठवत नाही. एवढंच आठवतं की कुणाच्याही पकडीत मी अडकून राहिले नाही. शेवटच्या कुस्तीत समोरची चितपट झाली, पंचांनी माझा हात वर केला आणि हॉल दणाणला. सगळे टाळ्या वाजवत होते, आणि वस्ताद मात्र पुढच्या रांगेतल्या अनोळखी माणसांचे खांदे हलवून ओरडत होते, "हात बघा की! आवो, कातडी बघा! एक डाग दावा!" मला इतका आनंद झाला होता की मी रडत होते.

दुसऱ्या तालमींचे वस्ताद त्यांना गाठून विचारायला लागले. त्यांनी काहीही हातचं राखलं नाही, मायाचा फोन नंबर आणि डॉक्टरबाईंचा पत्ता सगळ्यांना देऊन टाकला. घरी येताना गाडीत आई म्हणाली, "वस्ताद, धाकटीला बी उद्यापासनं धाडू का?" वस्तादांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. बाहेर बघतच म्हणाले, "धाडा. टावेल तिचा येगळा द्या."

पुढच्या काही आठवड्यांत गेलेल्या मुली परत आल्या आणि नव्याही आल्या. वस्तादांनी भरलेली तालीम डोळे भरून पाहिली, माझ्याकडून मुलींना डाव शिकवून घ्यायला सुरुवात केली आणि काही वर्षांनी ते एका पहाटे झोपेतच गेले. आपल्याला गुरू लाभला म्हणजे काय, ते मला त्या सकाळी कळलं. त्या दिवशी तालीम बंद ठेवायची असं गावानं ठरवलं होतं. संध्याकाळी मी नुसती एकदा बघून यावं म्हणून गेले. दाराबाहेर मुली उभ्या होत्या, रस्त्याच्या वळणापर्यंत, प्रत्येकीच्या खांद्यावर आपापला टॉवेल.  मी कुलूप काढलं.