गिरणीवाल्यांचा फोटो

मुदस्सिर परकार मूळचा रत्नागिरीचा. इथे आखातात, अल नस्र भागात त्याचं फोटो-फ्रेमचं दुकान आहे आणि मी त्याच्याकडे कामाला आहे. दिवसभर लोकांचे फोटो मढवणाऱ्या या माणसाच्या घरात एकही फोटो नाही. घरात माणसांची चित्रं लावायची नाहीत, हा त्याच्या अब्बांचा नेम. अब्बा वारले, पण मुदस्सिरने त्यांचाही फोटो कधी भिंतीवर लावला नाही.

द पर्ल या इथल्या श्रीमंत वस्तीत राहणाऱ्या एका पुण्याच्या साहेबांनी फ्रान्समधला जुना बास्केटबॉल क्लब विकत घेतला. क्लबच्या इतिहासाचे फोटो आपल्या हॉलमध्ये लावायला त्यांनी आम्हाला बोलावलं. आम्ही चषक धरलेल्या साहेबांच्या पाच फ्रेमा लावल्या. शेवटी उरला सगळ्यात जुना फोटो. त्यात क्लब काढणारे गिरणी कामगार होते, चड्ड्यांना ठिगळं लावलेले.

"हे भिकारी टॉयलेटमध्ये लावा," साहेब म्हणाले. त्यांची बायको हसली. ज्यांनी क्लब उभा केला, त्यांना हा माणूस संडासात टांगणार होता, आणि हे सांगत होता माझ्याच भाषेत.

"तिथे ओल आहे. फोटो टिकायचा नाही," मुदस्सिर म्हणाला.

"मग फेकून द्या."

शुक्रवारी मी त्याच्या घरी जेवायला गेलो. हॉलमध्ये, बरोबर मधोमध, ते गिरणीवाले लावलेले होते. मी बघतच राहिलो.

"अब्बा असते तर मला शिव्या घातल्या असत्या," मुदस्सिर म्हणाला. "पण आधी त्या साहेबाला."